लाल झेंडा, सात-बारा आणि आपलं जंगल

(लिंबागणेश, जि. बीड येथे झालेल्या भूमिहक्क शिबिरात संघटनेच्या वतीने केलेले भाषण. टेपवरून उतरवून घेतले आहे, म्हणून बोलण्यातले शब्द तसेच ठेवले आहेत. पाड्यावर रात्री एकाने मोठ्याने वाचावे, बाकीच्यांनी ऐकावे. पटणार नाही तिथे वाचणाऱ्याला थांबवावे.)



आम्ही डोंगराकडून आलो. ठाणे जिल्ह्यातले पाडे, धुळे जिल्ह्यातली सातपुड्याची गावं, तिथली आम्ही माणसं. तुम्ही बालाघाटावरची. आमच्याकडं पाऊस पडून पडून पाडा तुटतो, तुमच्याकडं पावसाची वाट बघून डोळे दुखतात. आमच्या मागं जंगल खात्याचा गार्ड, तुमच्या मागं मुकादम. आम्ही वनजमीन कसतो, तुम्ही गायरान कसता. दोघांनाही सरकार एकाच नावानं हाक मारतं, अतिक्रमणदार. म्हणून एका मांडवात बसायला आपल्याला ओळख करून घ्यावी लागली नाही.

काल रात्री जेवणं झाल्यावर ऊसतोडीला जाणाऱ्या एका भावानं विचारलं, “कम्युनिस्ट म्हणायचे सगळ्यांना सारखं. गोष्ट तर चांगली होती. मग ती चालली का नाही?” प्रश्न साधा वाटतो, पण त्यावर रात्री दीडपर्यंत बोलणं झालं आणि तरी संपलं नाही. आज आम्हाला त्यावरच बोलायला सांगितलंय.

हा प्रश्न आत्ताच का येतो तेही बघा. १९९१ च्या डिसेंबरात सोव्हिएट रशिया मोडला. पेपरात फोटो आले. तेव्हापासून गावातला पैसेवाला आपल्याला बघून हसतो. म्हणतो, तुमचा तिकडचा बाप गेला, आता मोर्चे कशाला काढता? त्याला पहिलं उत्तर देऊन टाकू. रशिया मोडला म्हणून सावकाराचं व्याज खरं ठरत नाही. रशिया मोडला म्हणून गायरानातली नांगरट बेकायदा होत नाही. आमच्या आजोबानं जमीन फोडली तेव्हा रशियाला विचारून फोडली नव्हती. पण पैसेवाल्याला उत्तर दिलं म्हणजे आपल्या भावाच्या प्रश्नाला उत्तर मिळालं असं होत नाही. तो आपला माणूस आहे, त्याला सरळ सांगितलं पाहिजे.

लोक म्हणतात, माणूस स्वार्थी आहे, म्हणून ते चाललं नाही. हे आम्हाला पटत नाही. इथं इर्जिक घालतात ना? एकाच्या रानात दहा औतं येतात, घरधनी जेवण घालतो, मजुरी कोणी मागत नाही. पेरणीला सावड करतात. आमच्याकडं शिकार झाली तर वाटा घरपरत पडतो, न गेलेल्या म्हाताऱ्याच्या घरी सुद्धा. मोहाचं झाड कोणी वेचायचं हे पाड्याला ठाऊक असतं, कागद लागत नाही. वाटून खायला माणसाला मार्क्स वाचावा लागत नाही. तेव्हा स्वार्थाचं कारण सांगून मोकळं होता येणार नाही. कारण दुसरीकडं शोधावं लागेल, आणि ते तुमच्या जिल्ह्यातच शोधू.

कारण तुमचा बीड जिल्हा साधा नाही. महाराष्ट्रात फार थोड्या जिल्ह्यांनी केलं ते बीडनं दोनदा केलंय. १९६७ ला बीडनं क्रांतिसिंह नाना पाटलांना कम्युनिस्ट पक्षाकडून लोकसभेत पाठवलं. सातारचा माणूस. १९४२ ला इंग्रजाविरुद्ध प्रतिसरकार चालवलेला, सावकारांना आणि दरवडेखोरांना धाक घातलेला. आणि १९७७ ला गंगाधरअप्पा बुरांडे यांना मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाकडून निवडून दिलं. त्या वर्षी या पक्षाच्या महाराष्ट्रातून तीनच जागा आल्या. मुंबईत अहिल्याबाई रांगणेकर, डहाणूला लहानू कोम, आणि बीडला अप्पा. मुंबईत गिरणगाव होतं. डहाणूला वारल्यांचा लढा होता. बीडला काय होतं? तरी बीडनं निवडून दिलं.

आणि मग काय झालं? १९८० ला जागा गेली ती गेली. त्यानंतर लाल झेंडा बीडातून लोकसभेत गेला नाही. असं का, हे म्हाताऱ्या माणसांना विचारलं तर ते म्हणतात, लाट होती. १९७७ ला आणीबाणीच्या रागाची लाट, जनता पक्षाबरोबर समझोता. ते खरंच आहे. पण लाटेनं घागर भरत असेल तर ती भरून कोणाच्या घरात ठेवली, हे विचारायला नको का?

आम्ही एक गोष्ट ध्यानात घ्यायला सांगतो. १९६७ ची निवडणूक फेब्रुवारीत झाली, १९७७ ची मार्चमध्ये. फेब्रुवारी-मार्चला तुमचा कोयता कुठं असतो? फडात. दिवाळी झाली की गाडीवर संसार लादायचा, पोरं लादायची, आणि घाटाखाली कारखान्यावर जायचं, ते उन्हाळा तापल्यावर परत यायचं. जिल्ह्यातला सगळ्यात गरीब, ज्याच्यासाठी हा पक्ष, तोच माणूस निवडणुकीला गावात नाही. आणि आता जेव्हा मत टाकायला त्याला ट्रकात घालून आणतात, तेव्हा ट्रक कोणाचा असतो ते बघा.

पक्षानं या माणसाला बांधायचा प्रयत्न केला नाही असं कोणी म्हणणार नाही. पण बांधणार कसा? गिरणीतला मजूर एका फाटकातून आत जातो, एका भोंग्यावर बाहेर येतो. त्याच्या चाळीत सभा घेता येते. गिरणीच्या फाटकावर जी संघटना शिकली तीच इथं आणली. इथं फाटक नाही. टोळी आज या फडात, परवा दुसऱ्या. मालक कोण? कारखाना म्हणतो, आम्ही मजूर लावलाच नाही, मुकादमानं लावला. मुकादम म्हणतो, मी तुमच्यातलाच. तोही कधी कोयता धरलेला असतो, तोही जातभाई असतो, तोच उचल देतो, तोच पोरीच्या लग्नाला पैसे देतो, आणि तोच फिटली नाही म्हणून पुढच्या वर्षी नेतो. आता मजुराची संघटना काढली आणि तिच्यात मुकादमही बसला, तर ती संघटना कोणाची? भाववाढीचा संप झाला की मुकादमाचं कमिशन पण वाढतं, म्हणून तो संपात पुढं असतो. उचलीचा हिशेब मागितला की तो मागं सरकतो. पुस्तकात मालक एकीकडं आणि मजूर दुसरीकडं असतो. इथं मालक मजुराच्या कोपीत येऊन चहा पितो.

आणि बायांनो, ‘एक कोयता’ म्हणजे किती माणसं? दोन. नवरा तोडतो, बायको मोळी बांधते आणि डोक्यावर घेऊन गाडीत चढवते. हिशेब एका कोयत्याचा, पैसे नवऱ्याच्या हातात, उचलीवर अंगठा नवऱ्याचा. कामगारांचा पक्ष म्हणवणाऱ्यांनी सुद्धा वर्षानुवर्षं कोयता मोजला, बाई मोजली नाही.

दुसरी गोष्ट, जातीची. ती बोलायला आपल्यातही अवघड जाते, पण मांडव आपलाच आहे. या भागात कम्युनिस्टांच्या आधी आणि बरोबर शेतकरी कामगार पक्ष होता. १९५० च्या दाभाडीच्या अधिवेशनात त्यांनी मार्क्सवाद स्वीकारला असं जाहीर केलं. पण पक्षाचा कणा होता जमीनवाला शेतकरी. त्याला शेटजी नको होता, सरकारची लेव्ही नको होती, पण घरच्या सालगड्याचं काय करायचं हे त्याला विचारायचं नव्हतं. जेधे-मोऱ्यांसारखे मोठे पुढारी काही वर्षांत काँग्रेसमध्ये परत गेले. मग सहकार आला. शब्द बघा किती गोड, सहकार! सगळ्यांनी मिळून करणं. आणि सहकारी साखर कारखान्याचा सभासद कोण? ज्याचा ऊस आहे तो. तोडणारा सभासद नाही. वाटून खायचा शब्द जमीनवाल्यानं उचलून नेला आणि कारखान्याच्या कमानीवर लावला.

गावच्या बाहेरच्या वस्तीचं काय? दादासाहेब गायकवाडांनी १९५९ ला मराठवाड्यात आणि खानदेशात भूमिहीनांचा सत्याग्रह केला, १९६४ च्या डिसेंबरपासून देशभर केला. माणसं तुरुंगात गेली. गायरान, पडीक, जंगल जमीन भूमिहीनाला द्या, ही मागणी तिथून आली. लाल झेंड्यानं तिला पाठिंबा दिला, नाही म्हणता येत नाही. पण गावात गायरानाचा प्रश्न उठतो तेव्हा समोर जमीनदार एकटा नसतो. तीन एकरवाला गरीब शेतकरीही असतो, त्याची गुरं त्या गायरानात चरतात. पक्षाची शाखा त्याच्या ओट्यावर भरते. मग शाखा काय म्हणणार? म्हणणार, आधी सगळ्या गरिबांची एकी, जातीचं नंतर बघू. हे ‘नंतर’ काही आलं नाही. १९७८ ला विद्यापीठाच्या नावावरून मराठवाड्यात दलितांची घरं जाळली. जाळणाऱ्यांत गरीबही होते, दुष्काळात एकाच खडी केंद्रावर त्यांच्याबरोबर खडी फोडलेले. वरच्या पुढाऱ्यांनी नामांतराची बाजू घेतली. पण पुढाऱ्याचं मत आणि शाखेतल्या माणसाचं मन यांत केवढा खड्डा होता, तो त्या आगीत दिसला.

हे मुंबईतही आधी घडलं होतं. १९२८ च्या गिरणी संपात बाबासाहेब आंबेडकरांनी विचारलं की विणखात्यात अस्पृश्य मजुराला का घेत नाहीत? तिथं पगार जास्त होता. आणि धागा तुटला तर तोंडानं ओढायला लागायचा, म्हणून सवर्ण मजूर त्यांना शिवू देत नव्हते. लाल बावट्याच्या युनियनला ती मागणी घ्यायला जड गेलं, बाबासाहेबांनी दाब दिला तेव्हा घेतली. मजूर सगळे एक, असं म्हणून भागत नाही. सुताला सुद्धा जात लागलेली असते.

आता आमच्या डोंगराकडं या. तिथं लाल झेंड्यानं जे केलं ते कधी विसरू नका. विसरणारा माणूस खोटा. १९४५ आधी ठाणे जिल्ह्यातला वारली वेठीला जायचा. सावकाराच्या रानात फुकट राबायचा, जंगल ठेकेदाराकडं फुकट राबायचा. लग्नाला पैसे घेतले तर नवरा-बायको दोघं जन्मभर त्या घरी बांधलेले, त्यांना लग्नगडी म्हणायचे. शामराव आणि गोदावरी परुळेकर आले. १९४५ च्या जानेवारीत टिटवाळ्याला किसान सभेची परिषद झाली, तिथं उंबरगाव तालुक्यातून माह्या धांगडा गेला आणि उभा राहून बोलला. मे महिन्यात झरीला सभा झाली. तिथून ठरलं की वेठ करायची नाही. आणि बघता बघता वेठ गेली. लग्नगडी सुटले. नंतर गवत कापणीची मजुरी वाढवून मागितली. ऑक्टोबरात तलवाड्याला जमलेल्या माणसांवर गोळीबार झाला, जेठ्या गांगड आणि त्याच्याबरोबरचे गेले. तरी संप मोडला नाही. गोदावरीबाईंनी हे सगळं पुढं ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात लिहिलं. आमच्यापैकी ज्यांचे आजे-बाप वेठीला गेले त्यांना पुस्तक वाचायची गरज नाही, पण शाळेतल्या पोरांनी वाचावं.

म्हणजे चाललं ना? विचार चालला! मग पुढं कुठं अडलं?

वेठ बंद करायला वारल्याला कोणाची परवानगी लागली नाही. त्यानं ‘नाही’ म्हटलं आणि बसला. हे त्याच्या हातातलं होतं. पण जमीन ‘नाही’ म्हणून मिळत नाही. जमिनीला कागद लागतो. १९४८ ला कूळ कायदा आला, १ एप्रिल १९५७ कृषकदिन ठरला, म्हणजे त्या दिवशी जो कूळ असेल तो मालक. पण कूळ म्हणून नाव लावायचं कोणी? तलाठ्यानं. तलाठी उतरायचा कोणाकडं? सावकाराच्या बंगल्यावर. कितीतरी वारल्यांनी पिढ्यान् पिढ्या कसलेल्या जमिनीवर कागदोपत्री त्यांचं नावच नव्हतं. लढायला शिकवणारे आले होते, सात-बारा वाचायला शिकवणारे कमी पडले. आम्ही हे दोष म्हणून सांगत नाही. परुळेकरांना जिल्ह्याबाहेर घालवलं होतं, कार्यकर्ते तुरुंगात होते, लपून होते. पुढं १९६२ ला चीनची लढाई झाली, परत धरपकड झाली. १९६४ ला पक्ष फुटून दोन झाले. कशावरून फुटला हे तेव्हा पाड्यावर सांगायला गेलं असतं तर रशिया आणि चीन कुठं आहेत तिथून सुरुवात करावी लागली असती. शामराव १९६५ ला तुरुंगातच वारले.

आणि मग पक्ष म्हणजे घर झालं. ज्या पक्षानं वेठीतून सोडवलं त्याला मत द्यायचं, वर्गणी द्यायची, मोर्च्याला जायचं. विचारायचं नाही. १९७० च्या ऑगस्टमध्ये डाव्या आणि समाजवादी पक्षांनी देशभर जमीन बळकाव आंदोलन केलं. एक दिवस शेतात घुसायचं, झेंडा लावायचा, अटक करून घ्यायची. तेव्हा पालघरकडच्या पोरांना, काळूराम धोदडे आणि त्यांच्या बरोबरच्यांना, प्रश्न पडला की झेंडा लावून परत यायचं तर जमीन कोण कसणार? त्यातून भूमीसेना झाली. आदिवासींनी आपणच ठरवायचं, बाहेरच्यानं सल्ला द्यावा पण हुकूम नाही. तिकडं शहाद्याला अंबरसिंग सुरतवंतींनी माणसं जमवली, १९७२ ला श्रमिक संघटना उभी राहिली. तिथं मार्क्स वाचलेली शहरातली पोरं होती, पण ती अंबरसिंगच्या मागून चालली. तिथल्या बायांनी दारूची मडकी फोडली, हे कोणाच्या कार्यक्रमपत्रिकेत नव्हतं. सरकारला १९७४ ला कायदा करावा लागला, आदिवासीची गेलेली जमीन परत देण्याचा. तो आपोआप झाला नाही.

वाईट याचं वाटतं की अशी नवी संघटना उभी राहिली की जुन्या झेंड्याला ती फुटीर वाटायची. मग एकाच तालुक्यात दोन झेंड्यांचे आदिवासी एकमेकांवर काठ्या घेऊन गेले, डोकी फुटली. सावकार ओट्यावर बसून बघत होता. गरिबाचा पक्ष एकच असतो, आणि तो म्हणजे आमचा, असं ज्यानं मानलं त्याला दुसऱ्या गरिबात दुष्मन दिसायला लागतो. हा रोग फक्त इथला नव्हता.

आता आम्ही जे सांगणार आहोत ते जरा जपून ऐका, कारण आमच्या मते खरी मेख इथंच आहे.

कम्युनिस्ट म्हणाले, जमीन, कारखाना, जंगल खासगी नको, सगळ्यांचं असावं. बरोबर. मग सगळ्यांचं म्हणजे कोणाचं? म्हणाले, सरकारचं. कारण सरकार कामगारांचं असेल. इथं आम्ही जंगलवाले हात वर करतो आणि म्हणतो, थांबा, हे आम्ही भोगलंय! आमचं जंगल इंग्रजानं १८७८ च्या आणि १९२७ च्या कायद्यानं सरकारी केलं. आधी ते गावाचं होतं. सरकारी झालं तेव्हा सांगितलं, हे देशाचं आहे. देशाचं, पण सरपणाची मोळी आणली तर गार्ड कुऱ्हाड काढून घेतो. स्वातंत्र्य आलं, राज्य आपलं झालं, गार्ड तोच. १९७४ ला वनविकास महामंडळ काढलं. खासगी कंपनी नाही, सरकारी. त्यानं काय केलं? मोह, हिरडा, तेंदू असलेलं मिश्र जंगल तोडलं आणि साग लावला. सागाला पाला येतो, पण त्यानं पोट भरत नाही. मालक खासगी नव्हता, नफा शेटजीच्या घरी गेला नाही, तरी आम्ही उपाशीच. सरकारी मालकी म्हणजे समाजाची मालकी नाही, हे समजायला आम्हाला रशियाला जावं लागलं नाही.

गंमत अशी की हे मार्क्सच्या पुस्तकात नव्हतं असंही नाही. १८४२ साली तो तरुण होता, एका पेपरात लिहायचा. तेव्हा जर्मनीत ऱ्हाइन नदीकडच्या भागात जंगलात पडलेला काटूक गोळा करणं म्हणजे चोरी, असा कायदा करायचं चाललं होतं. त्यावर त्यानं लेख लिहिले की गरिबाचा हा रिवाजाचा हक्क आहे, चोरी कसली? आपल्या सरपणाच्या मोळीवरून तो माणूस पोटापाण्याच्या प्रश्नाकडं वळला, हे त्यानंच पुढं सांगितलंय. म्हातारपणी, १८८१ ला, एका रशियन बाईनं त्याला पत्रानं विचारलं की आमच्याकडं गावाची जमीन सामाईक असते, ती मोडून आधी भांडवलशाही यायला हवी का? तर त्यानं उत्तर दिलं की तसं काही नाही, ते गावच नव्या समाजाचा आधार होऊ शकतं. ही पानं होती. पण ज्यांच्या हातात राज्य आलं त्यांना घाई होती, त्यांनी ती पानं उलटून टाकली.

रशियात १९१७ ला जमीनदाराची जमीन शेतकऱ्यांनी घेतली. बारा वर्षांनी हुकूम निघाला की आता सगळ्यांनी सामुदायिक शेतात यावं. यावं म्हणजे यायलाच पाहिजे. धान्य किती द्यायचं ते मॉस्कोत ठरलं. कझाक म्हणून लोक आहेत, मेंढ्या-घोडे घेऊन कुरणामागं फिरणारे, आपल्या धनगरासारखे. त्यांना सांगितलं की फिरणं मागासलेलं आहे, एका जागी बसा. गुरं गोळा केली, ती एका जागी चाऱ्यावाचून मेली. मग माणसं मेली, दहा लाखांवर. १९३२-३३ ला युक्रेनमध्ये, पिकाच्या मुलखात, लाखो माणसं भुकेनं गेली आणि धान्य बाहेर चाललं होतं. चीनमध्ये १९५८ ला कम्यून काढले. खालच्या कामदारानं वरच्याला खूष करायला पीक दुप्पट-तिप्पट झाल्याचं लिहून पाठवलं. वरच्यानं तेवढी लेव्ही मागितली. तुम्हाला आणेवारी ठाऊक आहे. बांधावर न जाता लावलेली आणेवारी काय करते तेही ठाऊक आहे. तिथं ती उलटी लागली, आणि तीन वर्षांत कोट्यवधी माणसं मेली.

आपल्याकडं १९७२ चा दुष्काळ काही बारका नव्हता. इथं बसलेल्या कितीतरी जणांनी लाल मिलोची भाकरी खाल्लीय, खडी फोडलीय. सरकार त्यांच्यापेक्षा दयाळू होतं म्हणून आपण वाचलो का? मोर्चे निघत होते, पेपरात छापून येत होतं, विधानसभेत ओरडा होत होता, कामं काढा म्हणून मामलेदाराला घेराव पडत होते. त्या ओरडणाऱ्यांत लाल झेंडेवाले पुढं होते. इथं त्यांना ओरडता आलं म्हणून कामं निघाली, पुढं रोजगार हमीचा कायदा झाला. आणि त्यांच्याच विचाराचं राज्य जिथं होतं तिथं ओरडणाऱ्याला गद्दार म्हणत होते. हे कोडं ज्यांना सोडवायचं नाही ते म्हणतात की सगळं अमेरिकेनं केलं.

केरळचं थोडक्यात सांगतो. तिथं लाल सरकारनं राज्यघटनेच्या चौकटीत राहून कुळांना जमीन दिली, १ जानेवारी १९७० पासून जमीनदारी कूळपद्धत संपली. मोठं काम आहे, आपल्याकडं एवढं झालं नाही. आपल्याकडं १९६१ चा कमाल जमीन कायदा, कोरडवाहूला आज ५४ एकराची मर्यादा, आणि जमिनी कुत्र्या-मांजराच्या नावावर. पण केरळात कूळ कोण होता? बराचसा मधला शेतकरी. शेतमजुराला राहत्या झोपडीखालची जागा मिळाली, खेड्यात फार तर चार गुंठे. चहा-रबराचे मळे सोडून दिले. आणि आदिवासींची गेलेली जमीन परत देण्याचा कायदा तिथं १९७५ ला झाला, नियम करायला १९८६ उजाडलं, आणि सरकार लाल असो की दुसरं, अंमल झाला नाही. कारण ती जमीन आता ज्यांच्याकडं आहे ते मतदार आहेत, आणि आदिवासी थोडे आहेत. थोड्यांचा न्याय मोजणीत बसत नाही.

गडचिरोलीकडं १९८० च्या सुमारास बंदूकवाले आले, त्यांचंही कोणी विचारलं होतं. तेंदूपत्त्याचे दर त्यांच्यामुळं वाढले हे खरं. गार्डाचा जाच कमी झाला हेही खरं. पण बंदूक आली की ग्रामसभा बसत नाही. दिवसा एकाचा हुकूम, रात्री दुसऱ्याचा, आणि मधे पाडा. आमची वाट ती नाही.

मग आमचं म्हणणं काय? तो विचार चुकीचा होता असं आम्ही म्हणत नाही. कसेल त्याची जमीन हे खरंच आहे. पण कसणाऱ्याच्या नावानं दुसरा ठरवायला लागला की ते उलटं फिरतं, मग तो दुसरा सावकार असो, साहेब असो, की कॉम्रेड असो. म्हणून आपल्याकडं ज्या रीती आहेत त्या उगाच नाहीत. जंगल गावाच्या ताब्यात हवं ही मागणी आपण करतो, सरकारचं असो की ठेकेदाराचं, दोन्ही नको म्हणतो. वर्गणीचा हिशेब दर अमावस्येला पाड्यावर मोठ्यानं वाचतात. कोणी वाचला नाही तर विचारा. जमिनीचा दावा लावताना नवरा-बायको दोघांचं नाव घालतो. इथल्या भावांनो, त्यावर काल तुमच्यात कुरकुर झाली ती आमच्या कानावर आली. कुरकुर करा, पण नाव घाला. आणि कोयत्याच्या उचलीवर सुद्धा दोन अंगठे हवेत, ही मागणी या वर्षी मुकादमापुढं ठेवून बघा. तो काय म्हणतो ते आम्हाला कळवा.

एक बाई विचारत होत्या की आपली संघटना कम्युनिस्ट आहे का? बाई, आमच्यात लाल झेंड्याखाली वाढलेले आहेत, निळ्या झेंड्यातून आलेले आहेत, माळकरी आहेत, आणि झेंडा न लावणारे पण आहेत. ज्याला जे म्हणायचं ते त्यानं म्हणावं. तुमच्या गायरानाची मोजणी कोणी कॉम्रेड येऊन करणार नाही आणि कोणी महाराजही करणार नाही. ती तुम्हाला साखळी धरून करायला लागेल.

आता जेवणानंतर दोन ठिकाणी बसायचंय. गायरानवाल्यांनी देवळाच्या बाजूला. २८ नोव्हेंबर १९९१ चा सरकारी निर्णय आहे, १४ एप्रिल १९९० पर्यंतच्या गायरानावरच्या अतिक्रमणाबद्दल. त्याची मराठी प्रत आणलीय, सगळी वाचू. ज्यांच्याकडं दंडाच्या पावत्या असतील त्यांनी फेकू नका. तलाठ्यानं दंड केला म्हणजे तुम्ही त्या साली तिथं कसत होता हे त्यानंच लिहून दिलं. वनजमीनवाल्यांनी इकडं मांडवात थांबा. त्यांच्यासाठी २७ डिसेंबर १९७८ चा निर्णय आणि सुप्रीम कोर्टाचा ७ मार्च १९९१ चा हुकूम आहे, दाव्यांची चौकशी करायला सांगणारा. जुनी माणसं बरोबर घ्या, कोणतं झाड कधी लावलं, विहीर कधी खोदली हे त्यांना आठवतं. ज्यांना लिहिता येतं त्यांनी पुढं बसा. कार्बन पेपर थोडेच आहेत, एका अर्जाच्या तीन प्रती काढायच्या, आणि एक प्रत अर्जदाराच्या घरीच राहील.